स्वसंरक्षणार्थ एक चाकू

शस्त्र कोणते निवडावे ही विवंचना आमच्या पूर्वजांना फारशी पडत नसावी. ज्याच्या घरी वडिलोपार्जित तलवार होती त्याने ती दसऱ्याला खुंटीवरून उतरवावी, पुसावी, तिला गंध-फूल वाहावे आणि पुन्हा खुंटीस लावावी. ज्याच्या घरी ती नव्हती त्याने विळी-कोयत्याची पूजा करून समाधान मानावे. आणि या दोघांपैकी कोणासही, आपले शस्त्र आपल्या प्रकृतीस, पेशास व उत्पन्नास साजेसे आहे किंवा कसे, असा प्रश्न स्वतःस विचारण्याचे प्रयोजन पडू नये, अशी एकंदर व्यवस्था होती. शस्त्राची निवड करण्याचे स्वातंत्र्य ही अलीकडच्या मध्यमवर्गावर कोसळलेली आपत्ती आहे, आणि इतर स्वातंत्र्यांप्रमाणे तिचाही उपभोग तो वर्ग मोठ्या चिंताक्रांत मुद्रेने घेत असतो.

आमचे एक स्नेही लेखापरीक्षण खात्यातून सेवानिवृत्त झाले त्यास आता बराच काळ लोटला. परंतु हरकत घेण्याची वृत्ती माणसाबरोबर निवृत्त होत नाही, हे त्यांच्या सहवासात पदोपदी ध्यानी येते. दुसऱ्या मजल्यावरील त्यांच्या सदनिकेस बाहेरून लोखंडी जाळीचे दार, आतून सागवानी दार, त्या दारास वर-खाली कड्या, मध्ये अडसर, आणि येणाऱ्याचे नाक प्रमाणाबाहेर मोठे करून दाखविणारे एक काचेचे भोक, इतका बंदोबस्त आहे. आणि एवढ्या बंदोबस्ताआड राहणारा मनुष्य स्वतःस असुरक्षित समजू लागतो तो बंदोबस्त अपुरा पडतो म्हणून नव्हे, तर तो रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून, असे आमचे नम्र मत आहे. अशातच एके दिवशी भल्या पहाटे दूध आणावयास निघालेल्या गल्लीतील एका बाईंच्या गळ्यातली साखळी मोटारसायकलवरील दोघांनी हिसकावून नेली. साखळी सोन्याची नव्हती, ही गोष्ट बाईंनी फिर्याद देताना सांगितली आणि गल्लीस ती फार उशिरा कळली. त्यामुळे गल्लीचा क्षोभ सोन्याच्या चालू भावाने वाढत गेला, व त्याच संध्याकाळी आमच्या स्नेह्यांनी कट्ट्यावर जाहीर केले की, यापुढे आपण सकाळच्या फेरीस निःशस्त्र जाणार नाही. त्यांच्या गळ्यात साखळी नाही, ही गोष्ट कोणीतरी निदर्शनास आणून दिली. परंतु प्रश्न तत्त्वाचा असल्याने ती गैरलागू ठरविण्यात आली.

प्रथम काठीचा विचार झाला. काठी हे निःसंशय उत्तम शस्त्र आहे. शत्रूस ती हातभर दूर ठेवते, भटक्या कुत्र्यांना तिची भाषा कळते, आणि ती उघडावी लागत नाही. परंतु ती हाती धरल्याबरोबर भेटेल तो मनुष्य "काय, गुडघे का?" अशी सहानुभूतीने पृच्छा करतो, आणि स्वसंरक्षणार्थ कटिबद्ध होऊन निघालेल्या पुरुषास ही पृच्छा शत्रूच्या वाराहून अधिक झोंबते. आजोबांच्या काठीत गुप्ती होती, तिची आठवण निघाली. पण शस्त्रनियमांच्या अनुसूचीत तलवारीच्या पाठोपाठ गुप्तीचाही नामनिर्देश आहे हे स्नेह्यांस ठाऊक होते, आणि शिवाय ती गुप्ती गंजून काठीतच कायमची वस्तीला राहिली होती. मिरचीची पूड वाऱ्याची दिशा पाहून वापरावी लागते, आणि पहाटेचा वारा कोणत्या पक्षाचा असेल याची हमी देता येत नाही. कुत्रा पाळण्याची सूचना वहिनींनी ऐकताक्षणीच फेटाळली. उरला तो घडीचा चाकू.

हे आयुध आमच्या वर्गाच्या मनोरचनेशी इतके जुळणारे आहे की, ते त्याच्याचसाठी निर्माण झाले असावे असा भास होतो. उघडले की शस्त्र आणि मिटले की पेरू कापण्याचे साधन. प्रसंग ओढवला तर प्रतिकाराची सिद्धता, आणि प्रसंग अंगाशी आला तर "छे हो, हा फळांसाठी ठेवलेला" असा खुलासा. शौर्य आणि सभ्यता या परस्परविरोधी गुणांना एकाच बिजागरीवर फिरवून एकाच खिशात ठेवण्याची अशी सोय ना तलवारीत आहे ना बंदुकीत. त्यातही, मिटलेला असताना तो बाळगणाऱ्यास जो धीर देतो तो उघडल्यावर देत नाही; कारण मिटलेल्या चाकूस कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही.

स्नेह्यांनी रीतसर एक फाइल उघडली. 'स्वसंरक्षणार्थ घडीचा चाकू खरेदी करणेबाबत' असा विषय वर लिहून, खाली पात्याची लांबी, पोलाद, मूठ, अडकण, वजन, किंमत व शेरा असे रकाने आखून त्यांनी तुलनात्मक तक्ता तयार केला, आणि आमची विनावेतन सल्लागार म्हणून नेमणूक केली. ज्या गृहस्थाने उभ्या नोकरीत दुसऱ्यांनी मागविलेल्या खुर्च्या आणि टाचण्या यांची दरपत्रके तपासली, त्यास आता स्वतःच काहीतरी मागवावयाचे होते, आणि ती वस्तूही अशी की, जिच्या गरजेचे समर्थन काय लिहावे हे कोणत्याही नियमपुस्तिकेत सापडत नव्हते.

तक्त्यातील पहिली नोंद अर्थातच रामपुरीची होती. रोहिलखंडातील नवाबी रामपूरच्या कारागिरांनी घडविलेला हा चाकू महाराष्ट्रात किती जणांनी प्रत्यक्ष पाहिला असेल याची शंका आहे. परंतु हिंदी चित्रपटाच्या कृपेने त्याचा आवाज मात्र प्रत्येकाने ऐकलेला आहे. बटण दाबावे आणि पाते सटकन बाहेर यावे, किंवा गरारीच्या दात्यांवरून कटकट करीत ते सावकाश उलगडावे. खलनायकाने त्या पात्यावरून अंगठा फिरवावा. आणि पडद्यावरील सर्व मंडळींनी, त्याचे हे कृत्य व त्याबरोबरचे भाषण पुरे होईपर्यंत, जागच्या जागी उभे राहण्याचे सौजन्य दाखवावे, असा शिरस्ता होता. १९६५ सालच्या 'वक्त' चित्रपटात राजकुमार समोरच्याच्या हातातला उघडा चाकू सहजपणे काढून घेतो आणि हे पोरांच्या खेळण्यातले नव्हे अशी त्यास समज देतो, तो प्रसंग आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. गंमत अशी की, त्या प्रसंगात चाकूचा लाभ ज्याच्यापाशी तो होता त्यास न होता, ज्याच्यापाशी नव्हता त्यास झाला. आणि तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आपल्यापाशी तसा चाकू असावा असेच वाटले, राजकुमारचा आवाज असावा असे फारसे कोणास वाटले नाही.

स्नेह्यांचा ओढा त्या कटकटीकडेच होता. "अहो, वार करावाच लागत नाही," ते म्हणाले, "आवाजानेच निम्मं काम होतं." मग नुसता आवाजच घ्यावा, तो मोबाइलमध्ये फुकट भरून मिळेल आणि त्यास गंजही चढणार नाही, असे आम्ही सुचविले, ही सूचना शेऱ्याच्या रकान्यात नोंदविली गेली नाही.

एव्हाना त्यांनी कायद्याची पुस्तके काढली होती, आणि येथून पुढे चाकूचे संशोधन ज्या आनंदाने चालले तो आनंद शूरांच्या वाट्यास सहसा येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनी पात्याची मर्यादा नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी अशी ठरविली असून त्याहून मोठी पाती शस्त्रांत जमा केली आहेत. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनविलेली पाती त्यांतून वगळली आहेत. स्नेह्यांनी फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरात प्रवेश केला, वहिनींचा कलिंगडाचा सुरा नऊ इंचांहून लांब भरतो असे आढळल्यावर आपल्याच घरात इतकी वर्षे चाललेल्या या प्रकाराने ते काही काळ सुन्न झाले, आणि सवलतीचे वाक्य पुन्हा वाचल्यावरच त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दिल्लीच्या प्रशासनाने १९८० सालच्या अधिसूचनेत बटणदार, गरारीदार आणि स्प्रिंगच्या चाकूंचा नावानिशी उल्लेख करून पात्यासाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी हे आकडे मुक्रर केले आहेत. सेंटिमीटरच्या शतांशापर्यंत गेलेला तो १.७२ हा आकडा वाचून आमच्या स्नेह्यांचे डोळे पाणावले. एवढा काटेकोरपणा त्यांना उभ्या नोकरीत एकाही खात्याने दाखविला नव्हता.

खुद्द रामपूरची कथा करुण आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली, कारागिरांचा धंदा बसला, आणि मग २०२३ साली त्याच शहरातील चौकात सरकारी खर्चाने सुमारे वीस फूट लांबीचा चाकू समारंभपूर्वक उभा करण्यात आला. पाच इंचांचा चाकू बाळगणारा तो आरोपी आणि वीस फुटांचा उभारणारा तो उद्घाटक, ही व्यवस्था ज्यांना विसंगत वाटते त्यांनी शासनव्यवहार जवळून पाहिलेला नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यास मात्र फूटपट्टीच्या आधी पंचांग पाहावे लागते. मुंबईच्या नावाने १९५१ साली जन्मलेल्या आणि आता महाराष्ट्राचे नाव धारण करणाऱ्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वये सण, मोर्चे, निवडणुका यांच्या सुमारास ठिकठिकाणी मनाई आदेश निघतात. आणि त्यांत सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या व लाठ्या यांच्याबरोबरच शरीरास इजा पोचविता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगण्यास प्रतिबंध असतो. त्याच कागदावर दगड जमा करणे, प्रेताचे अथवा प्रतिमेचे प्रदर्शन मांडणे, जाहीरपणे गाणी म्हणणे आणि वाद्ये वाजविणे यांचाही समावेश करता येतो. म्हणजे शत्रूस पळवून लावण्याचे जेवढे म्हणून मार्ग सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत तेवढे सगळे, गायनासह, एकाच सहीने बंद होऊ शकतात.

परंतु स्वसंरक्षणाचा हक्क तर कायद्यानेच दिलेला आहे, असे म्हणून त्यांनी पुढचे पुस्तक उघडले. मेकॉलेने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा सादर केला तेव्हा या देशातील लोक त्या हक्काचा अतिरेक करतील ही भीती त्यास नव्हती. उलट दरोडेखोरांपुढे मुकाट्याने मान तुकविणाऱ्या प्रजेत थोडे पौरुष जागे व्हावे, म्हणूनच हा हक्क सढळ हाताने द्यावा, असा त्याच्या टिपणाचा आशय होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत तो हक्क नांदला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत राहावयास गेला. घर बदलले तरी अटी जुन्याच आहेत: सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास सवड असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. यांपैकी दुसरी अट आमच्या स्नेह्यांस फारच पसंत पडली. कारण कोणतीही गोष्ट गरजेपुरतीच खर्ची पडावी हे त्यांचे जीवितसूत्र होते. तथापि ती अमलात आणावयाची म्हणजे मोटारसायकलवरून येणाऱ्या इसमास प्रथम थांबवून, त्याचा उद्देश साधी चोरी करण्याचा, जबरी चोरी करण्याचा की जिवावर उठण्याचा, याबद्दल त्याचा जबाब घ्यावा लागेल. त्या जबाबावरून अनुज्ञेय इजेचे प्रमाण ठरवावे लागेल. ते ठरेपर्यंत त्याने निघून जाऊ नये म्हणून त्याच्याकडून मुचलका लिहून घ्यावा लागेल. आणि या सर्व कारवाईचा पंचनामा करण्यासाठी दोन प्रतिष्ठित गृहस्थ पहाटे साडेपाचास हजर ठेवावे लागतील. त्या दोहोंत आमचे नाव त्यांनी आम्हांस न विचारताच लिहून ठेवले होते.

कागदोपत्री सिद्धता इतकी झाल्यावर आम्ही पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. कुलपे, बिजागऱ्या, पान्हे, दोरखंड आणि नळाच्या तोट्या यांच्या त्या अरण्यात ज्यास काय हवे हे नेमके ठाऊक आहे असाच मनुष्य टिकाव धरू शकतो. आणि दुकानदाराने पहिलाच प्रश्न असा विचारला की, ज्याचे उत्तर आमच्या फाइलीत कोठेही नव्हते.

"काय कापायचंय?"

"तसं काही ठरलेलं नाही," स्नेही म्हणाले.

"म्हणजे भाजी, दोरी, पुठ्ठा, वायर?"

"प्रसंग येईल तसं."

"मग हा घ्या," हिरव्या मुठीचा एक चाकू पुढे सरकवीत दुकानदार म्हणाला, "प्रसंगाला हाच नेतात. लग्नात वाटायला डझनानं घेतलेत तर भाव कमी करू."

"हा अडकतो का?"

"अजिबात नाही, साहेब. एकदम मोकळा चालतो."

"मला अडकणारा हवा आहे."

दुकानदाराने आमच्याकडे पाहिले. "अडकला तर घेऊन या," तो मोठ्या समजुतीने म्हणाला, "बदलून देईन."

अडकणीचा हा आग्रह निराधार नव्हता. घडीच्या चाकूस समोरचा शत्रू दिसत नाही, तो आपल्या बिजागरीच्या कह्यात असतो; आणि पात्यास पुढून विरोध झाला की ते माघारी वळून ज्या वाटेने मिटते त्या वाटेवर धन्याची चारही बोटे निमूटपणे पडलेली असतात. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचे चाकू बनविण्यास आरंभ केला, आणि पाते जागच्या जागी धरून ठेवणारे फिरते कडे त्या चाकूस १९५५ साली बसले. मधली सहा दशके तेथील शेतकऱ्यांच्या बोटांनी त्या सुधारणेची वाट पाहिली असली पाहिजे. याउलट इंग्लंडात काही सबळ कारण नसताना सार्वजनिक जागी बाळगता येतो तो घडीचा चाकू धारेने तीन इंचांच्या आतला, आणि मुद्दाम अडकण नसलेलाच असावा लागतो; अडकण आली की तो घडीचा राहत नाही असे तेथील न्यायालयाने ठरविले आहे. म्हणजे ज्या चाकूत धन्याची बोटे छाटण्याची पुरेपूर शक्यता आहे तोच तेथे निरुपद्रवी गणला जातो. शिवाय 'स्वसंरक्षणार्थ' हे उत्तर तेथील पोलिसास दिल्यास प्रकरण मिटण्याऐवजी उघडते, असे लेस्टरला स्थायिक झालेल्या त्यांच्या भाच्याने कळविले.

या भाच्याने पुढे सुटीवर येताना मामांसाठी लाल मुठीचा स्विस चाकू आणला. त्या चाकूची कुळकथा आम्हांस फार उद्बोधक वाटते. स्विस लष्कराने आपल्या शिपायांना घडीचे चाकू द्यावयाचे ठरविले तेव्हा त्यांत एक पाते, भोक पाडण्याची एक आरी, डबा उघडण्याचे एक साधन आणि बंदूक खोलण्यासाठी एक पेचकस, इतक्या गोष्टी असाव्यात असे ठरले. १८९१ पासून इबाख गावचा कार्ल एल्सनर ते पुरवू लागला, आणि १८९७ साली त्याने अधिकारीवर्गासाठी जो सुबक नमुना काढला त्यात बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री खिळा आला. प्रत्यक्ष लढाईस जाणाऱ्या माणसांसाठी चाकूची निवड करताना ज्या राष्ट्राने जेवणाचा डबा, बंदुकीचा स्क्रू आणि द्राक्षासव यांचा इतक्या अगत्याने विचार केला, ते १८१५ पासून तटस्थ राहिले यात नवल ते काय! पण स्नेह्यांचा आक्षेप निराळाच होता. "अंधारात," ते म्हणाले, "नेमकं काय उघडेल याचा भरवसा नाही." शत्रू अंगावर धावून येत असता आपल्या मुठीतून नखे घासण्याची कानस किंवा दात कोरण्याची काडी बाहेर पडावी, या कल्पनेने ते खिन्न झाले, आणि तो चाकू त्यांनी नातवाच्या कंपासपेटीत ठेवून दिला. तेथे त्याची अप्रतिष्ठा झाली असे मानण्याचे कारण नाही. जपानात हिगोनोकामी नावाचा घडीचा चाकू पिढ्यानपिढ्या शाळकरी मुलांनी पेन्सिलीस टोक काढण्यासाठीच वापरला.

अखेर बोहरी आळीतलाच एक साधा चाकू, लाकडी मुठीचा, तीन इंचांच्या आतला, तुलनात्मक तक्त्यात सर्वांत कमी दराचा म्हणून मंजूर झाला, आणि सरावाचा प्रश्न उपस्थित झाला. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांचे प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली असे मांडले होते की, सुरा घेऊन धावणारा सामान्य मनुष्य एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात तोडतो. आणि हा हिशेब कमरेला पिस्तूल लावलेल्या पोलिसाला सावध करण्यासाठी होता, लेंग्याच्या खिशात चाकू ठेवलेल्या पेन्शनरासाठी नव्हे. वहिनींनी हल्लेखोराची भूमिका करण्याचे साफ नाकारल्यामुळे ती आमच्याकडे आली. दिवाणखान्याच्या टोकापासून आम्ही वयोमानास शोभेल अशा वेगाने चालून गेलो. स्नेह्यांनी प्रथम चष्मा सावरला. मग खिशातून रुमाल काढला, तो कोठे ठेवावा हे न सुचल्याने आमच्याच हाती दिला. त्यानंतर किल्ल्यांचा जुडगा, बसचा पास आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. आणि सरतेशेवटी चाकू हाती आला तेव्हा असे आढळले की, पात्यावरच्या खाचेत नख अडकवून ते ओढावे लागते, आणि आमच्या स्नेह्यांची नखे शासकीय शिस्तीने मुळापासून कापलेली असतात. हल्लेखोराने थोडा वेळ वाट पाहिली. नंतर हल्लेखोरानेच तो चाकू उघडून त्यांच्या हातात दिला.

"त्यापेक्षा विळी घेऊन बसा," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. ही सूचना उपहासाची असली तरी तीत तथ्य होते. विळीस अडकण लागत नाही, तिच्यावर कोणाचा मनाई आदेश नाही, आणि तिची धार ज्या दिशेला असते त्या दिशेलाच ती राहते. तिच्यात न्यून एवढेच की, ती चालवू इच्छिणाऱ्या वीरास आधी खाली बसावे लागते, आणि पुढचे सगळे शत्रूच्या सौजन्यावर सोपवावे लागते.

हे सर्व लिहीत असता एका गोष्टीची जाणीव आम्हांस आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने स्त्रियांना लहान चाकू वाटले, तेव्हा त्यावर बऱ्याच टीकाटिप्पण्या झाल्या. आणि चाकूने सुरक्षितता येते हा समज तेव्हाही आम्हांस पटला नव्हता. परंतु रात्रीच्या शेवटच्या लोकलने एकटीने घरी येणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये चाकू कशाला, असे विचारणाऱ्याने त्या डब्यात पोलीस का नव्हता हे आधी विचारावे. तो विषय विनोदाचा नाही. आमचा विनोद चालतो तो गळ्यात साखळी नसलेल्या आमच्यासारख्या पुरुषांपुरता.

चाकू खिशात आल्यावर स्नेह्यांच्या चालीत फरक पडला, हे मान्य केले पाहिजे. उजवा हात सदैव खिशात असल्याने ते नमस्कार डाव्या हाताने करू लागले, आणि त्यावरून त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्याची वदंता पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचून दोघे जण फळे घेऊन भेटावयास आले. (ती फळे कापण्यासाठी वहिनींनी कलिंगडाचाच सुरा वापरला.) नाट्यगृह, मॉल, मेट्रो, जेथे जेथे म्हणून दाराशी रक्षक आणि किणकिणणारे यंत्र असते, तेथे तेथे चाकू काढून दाखवावा लागे, त्याचा हेतू सांगावा लागे, आणि बहुधा तो बाहेर ठेवावा लागे, त्यामुळे गर्दीच्या सर्व ठिकाणी ते पूर्ववत निःशस्त्र असत, व सशस्त्र असत ते केवळ पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर व स्वतःच्या त्या दोन दारांच्या आत. रस्त्यावर तर हात खिशात घालून दबक्या पावलांनी येणारी ती आकृती पाहून दूधवाला एकदा सायकल टाकून पळाला. एवढा एकच मनुष्य त्या चाकूने आजवर पळवून लावला आहे, आणि त्यानेही चाकू पाहिलेला नव्हता.

मात्र अन्य क्षेत्रांत चाकूची कामगिरी निर्विवाद आहे. घरपोच येणाऱ्या खोक्यांवरची चिकटपट्टी तो लीलया कापतो. गणपतीच्या मांडवाची सुतळी कापण्यासाठी मंडळाच्या मुलांनी तो नेला, आणि नेमक्या त्याच दिवसांत शहरात मनाई आदेश असल्याचे लक्षात येऊन स्नेही दहा दिवस घरात येरझारा घालीत होते. सुतळीने धार गेली, ती हातगाडीवरच्या धारवाल्याकडून लावून घेतली. त्या खर्चाची पावती मिळत नसल्याने ती रक्कम अद्याप 'आक्षेपाधीन' म्हणून फाइलीत पडून आहे. फाइलीवरचा अंतिम शेरा आम्ही वाचला आहे. वस्तू सुस्थितीत असून उपयोगात आहे, खरेदीचे मूळ प्रयोजन सिद्ध झालेले नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल करावे, असा तो आहे. आणि स्वतःच्याच खरेदीवर इतका निःपक्षपाती शेरा मारणारा अधिकारी आम्ही दुसरा पाहिला नाही.

ज्या वाचकांची खरेदी अद्याप व्हावयाची आहे त्यांनी बटण नसलेला, तीन इंचांच्या आतला, ओल्या हातातून न सटकणाऱ्या लाकडी मुठीचा चाकू पाहावा, दुकानदाराने काय कापायचे असे विचारल्यास खरे ते सांगावे, आणि पहाटेच्या फेरीस निघताना तो घरी ठेवून ११२ हा क्रमांक तेवढा ध्यानात ठेवावा. पेरूस तो उत्तम चालतो.